किरणपाणीचा युरोपियन

सावंतवाडी तालुक्यातलं आरोंदा आणि गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं किरणपाणी यांच्यामध्ये तेरेखोलची खाडी आहे. पूल झाल्यापासून ती कधी ओलांडली ते कळतही नाही. दोन्ही काठांवर तीच मासळी शिजते, जत्रेच्या रात्री तेच दशावतारी नाटक उभं राहतं, आणि सोयरिकी तर पिढ्यान्‌पिढ्या इकडून तिकडे होत आल्या आहेत. तरीही दोन काठांवरच्या दोन समवयस्क पोरांच्या नशिबात एक मोठा फरक असू शकतो. आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी आरोंद्यात जन्मले असतील, तर नातू भारतीय. किरणपाणीत जन्मले असतील, तर नातू भारतीयच, पण मनात आणलं तर पोर्तुगीज. त्या तारखेआधी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालच्या नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. आधी आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनला करून घ्यायची, मग बापाची, मग आपली. यात वर्षं जातात, वकिलांची धन होते, भारतीय नागरिकत्वावर पाणी सोडावं लागतं. पण शेवटी हातात युरोपियन युनियनचा पासपोर्ट पडतो.

ब्रिटन युनियनमध्ये होतं तोवर, आणि बाहेर पडल्यानंतरच्या संक्रमणकाळातही, म्हणजे 2020 अखेरपर्यंत, हा पासपोर्ट घेऊन माणूस थेट इंग्लंडात नोकरी धरू शकत होता. हजारो गोवेकर गेले. स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती झाली. ज्यांना आपण उर्वरित भारतात बसून ‘सुशेगाद’ म्हणतो, ते लोक तिथे गोदामांत रात्रपाळ्या करतात. त्यांचे आजोबा-पणजोबाही काही माडाखाली लोळत पडले नव्हते. ते तारवटी होते, जगभरच्या बोटींवर राबत होते आणि दोन सफरींच्या मध्ये मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या बिऱ्हाडांत, पथारी टाकत होते. आळसाची ती ख्याती नेमकी कोणी आणि कुठल्या समुद्रकिनाऱ्यावर बसून ठरवली, हा संशोधनाचा विषय आहे.

पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सावंतवाडीकर आणि कोल्हापूरकर यांच्या भांडणात पोर्तुगीजांची मदत हवी होती म्हणून. म्हणजे एका संस्थानिकाने केलेल्या देवघेवीवर आज कोणाच्या नातवाने पॅरिसला व्हिसाशिवाय उतरायचं ते ठरतं. यात त्या नातवाचा स्वभाव कुठे आला? कष्टाळूपणा, प्रामाणिकपणा, नियम पाळण्याची वृत्ती कुठे आली?

हा प्रश्न विचारायचं कारण असं की देशोदेशीची माणसं एकत्र बसली की गप्पांची गाडी हमखास स्वभावावर येते. जर्मन वक्तशीर, इटालियन बडबडे, जपानी शिस्तीचे, अमेरिकन मोठ्याने बोलणारे, भारतीय घासाघीस करणारे. पुण्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, दुबईतल्या कामगारांच्या खोल्यांत, बोटीवरच्या मेसमध्ये, कुठेही जा, पहिल्या तासाभरात प्रत्येक जण आपल्या देशाचं कौतुक करतो, दुसऱ्याच्या देशावर एखादी कोटी करतो आणि मग ‘तुझ्या देशात एकदा यायचंय’ असं म्हणतो. मला या गप्पा आवडतात. मराठी माणसाला तर पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर यांच्या थट्टेचं बाळकडूच मिळालेलं असतं; त्याने देशांच्या थट्टेवर नाक मुरडणं हास्यास्पद होईल. माझी तक्रार या थट्टेबद्दल नाही. ही थट्टा व्हिसाच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनाच्या हातात नियम म्हणून पडते, त्याबद्दल आहे. आणि आपण त्या खिडकीच्या फक्त एकाच बाजूला उभे असतो अशी जी आपली समजूत आहे, तिच्याबद्दलही आहे.

आरोंद्याच्या पोराला पॅरिस बघायचं असेल तर त्याची फाईल पाहण्यासारखी असते. ओळखीपाळखीच्यांच्या अशा फायली लावून देण्यात मी हातभार लावत आलो आहे. बँकेचा शिक्का मारलेलं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. आयकर विवरणपत्रं. साहेबाचं ‘हा रजेवर जात आहे आणि परत कामावर रुजू होणार आहे’ असं पत्र. निदान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवासविमा. कुठल्या दिवशी कुठे झोपणार याचा तक्ता. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो, ज्यात चेहऱ्यावर हसू नको. 90 युरो फी, जी नकार आला तरी परत मिळत नाही. आणि या सगळ्याच्या शेवटी, कोणीतरी सुचवलं म्हणून, सातबाराचा उतारा इंग्रजी भाषांतरासह. नऊ गुंठे वरकस जमीन, चार काजूची झाडं, इतर हक्कात तीन चुलत्यांची नावं. पोराला या जमिनीची एवढी ओढ आहे की तो आयफेल टॉवर बघून मुकाट्याने घरी येईल, हे त्या कागदाने सिद्ध करायचं असतं.

यातला प्रत्येक कागद एकच प्रश्न विचारतो: तू परत जाशील कशावरून? किरणपाणीच्या पोराला हा प्रश्न कोणी विचारत नाही. दोघांपैकी कोण विश्वासू आहे हे गावात विचारलंत तर लोक सांगतील. व्हिसा अधिकाऱ्याला ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक करून घ्यायला वेळही नसतो. मग तो देशाचं नाव वाचतो.

देशाच्या नावावरून माणूस वाचण्याची ही सवय जुनी आहे. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवलेलं एक चित्र प्रसिद्ध आहे. वर ओळीने दहा पुरुष उभे आहेत: स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन, इंग्रज, स्वीडिश, पोलिश, हंगेरियन, रशियन आणि शेवटी ‘तुर्क किंवा ग्रीक’ असा एक जोडगोळीचा माणूस. खाली चक्क तक्ता. स्वभाव, बुद्धी, दुर्गुण, आवड, रोग, देवभक्ती, सगळ्याचे रकाने. मरण कुठे येतं याचाही रकाना आहे. स्पॅनिश माणूस अंथरुणात मरतो, फ्रेंच युद्धात, इटालियन मठात, जर्मन दारूत, इंग्रज पाण्यात, पोलिश तबेल्यात, रशियन बर्फात. चित्र विनोदी आहे, पण आजच्या व्हॉट्सॲपवरच्या ‘स्वर्गात स्वयंपाकी फ्रेंच असतात’ छापाच्या विनोदाशी ताडून पाहा. तीनशे वर्षांत फक्त रकाने बदलले आहेत.

बदललं नाही ते असं की तक्ता करणाऱ्याला वाटतं आपण स्वभाव नोंदवतो आहोत, आणि तो नोंदवत असतो परिस्थिती. आपल्या सगळ्यांच्या आवडीचं उदाहरण म्हणजे वक्तशीर जर्मन. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 साली फक्त 62.5 टक्के वेळेवर पोचल्या, आणि त्यात सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरला जातो. जर्मनीतून उशिरा येणाऱ्या गाड्यांमुळे आपलं वेळापत्रक कोलमडू नये म्हणून स्विस रेल्वे त्यांतल्या काही गाड्या बाझेललाच थांबवते आणि पुढच्या प्रवासाला आपली गाडी देते. म्हणजे जर्मन माणूस एका पिढीत बेशिस्त झाला का? तर नाही. रूळ, सिग्नल, पूल यांवर वर्षानुवर्षं करायचा खर्च केला नाही, गाड्या मात्र वाढवत नेल्या. फ्रँकफर्ट ते मानहाइम हा गर्दीचा मार्ग 2024 मध्ये पाच महिने पूर्ण बंद ठेवून दुरुस्त करावा लागला. जी गोष्ट आपण जर्मन रक्तात शोधत होतो, ती रुळांखालच्या खडीत होती. मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आठ-सतराची लोकल उशिरा आली म्हणून कोणी मोटरमनचं कुळ काढत नाही.

कोरियाचं उदाहरण तर अंगावर येतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बिअट्रिस वेब 1911-12 मध्ये पूर्वेकडच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. बाई समाजवादी, गरिबांच्या कैवारी. पण कोरियन लोकांविषयी त्यांनी जे लिहून ठेवलं आहे त्यात ‘आळशी’ हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द आहे. त्याच दक्षिण कोरियाला 2018 साली आठवड्याच्या कामाची मर्यादा 68 तासांवरून 52 वर आणण्यासाठी कायदा बदलावा लागला, कारण माणसं कामाने मरायला टेकली होती. आज आपल्याकडची मुलं कोरियन मालिका बघून सोलला जाण्याची स्वप्नं बघतात, आणि कोरियन माणूस म्हणजे मुळातच कामसू, असं त्यांना वाटतं. मुळात, म्हणजे कधीपासून?

मानसशास्त्रज्ञांनी हे मोजूनही पाहिलं आहे. 2005 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 49 संस्कृतींचा एक अभ्यास आला. लोकांना विचारलं, तुमच्या देशाचा नमुनेदार माणूस कसा असतो? आणि दुसरीकडे त्या त्या देशातल्या प्रत्यक्ष माणसांच्या स्वभावाची मापं घेतली. दोन्हींचा मेळ जवळपास बसलाच नाही. कॅनडावाले स्वतःला सौम्य समजत होते, अमेरिकन स्वतःला आक्रमक. मापं मात्र सारखीच निघाली. लक्षात घ्या, इथे लोक दुसऱ्याबद्दल बोलत नव्हते, स्वतःच्याच देशाबद्दल सांगत होते. आपल्या घरच्यांविषयीचा अंदाजही इतका चुकत असेल, तर खिडकीमागच्या परक्याच्या अंदाजाला काय किंमत द्यायची?

हे वाचून कोणी म्हणेल, अहो, पण सवयी तर असतात ना? असतात की. स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलाने 2019 साली खास भारतीय पाहुण्यांसाठी सूचनांचा कागद लावला होता: न्याहारीच्या बुफेतलं बरोबर नेऊ नका, गॅलरीत आवाज करू नका. आपल्याकडे संताप झाला, हॉटेलवाल्यांना सारवासारव करावी लागली. पण ग्रुप टूरने युरोप केलेल्या माणसाला मनातल्या मनात विचारा. दुपारच्या जेवणाला वीस युरो मोजायची तयारी नसते आणि सकाळी समोर ब्रेड-अंड्यांचा डोंगर असतो, तेव्हा पर्समध्ये टिश्यूत गुंडाळलेलं काहीतरी जातंच. रुपयात गुणाकार करत फिरणाऱ्या कुठल्याही देशाचा पर्यटक हेच करतो. सूचना सगळ्यांसाठी लावली असती, तर कोणी एक शब्द बोललं नसतं. बुफेतली अंडी मोजायला हरकत नाही. ती मोजताना पासपोर्ट बघायचं कारण नाही.

पोलंडने या सगळ्यातून केलेला प्रवास मला फार बोलका वाटतो. पोलंड 2004 साली युरोपियन युनियनमध्ये आला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये युरोपीय राज्यघटनेवर सार्वमत होतं, आणि त्याच्या प्रचारात एक बागुलबुवा उभा केला गेला: पोलिश प्लंबर. तो येणार, कमी पैशांत नळ दुरुस्त करणार, फ्रेंच माणसाची रोजीरोटी हिरावणार. पोलंडच्या पर्यटन विभागाने यावर निषेधाचं पत्रक काढलं नाही. त्यांनी एका देखण्या तरुणाला प्लंबरच्या वेशात, हातात पाना देऊन उभं केलं आणि पोस्टर छापलं: ‘मी पोलंडमध्येच राहतोय, तुम्हीच या, भरपूर या.’ फ्रान्स हसला, पर्यटकही गेले. दोन्ही हातांनी टाळ्या द्याव्यात असा विनोद.

पण हा विनोद पोलंडला परवडला, कारण युरोपात त्याचा पाय आत पडला होता. अटलांटिकच्या पलीकडे तोच पोलिश माणूस त्यानंतरही चौदा वर्षं अमेरिकन वकिलातीसमोर रांगेत उभा होता. अमेरिकेच्या व्हिसामुक्त यादीत यायचं तर त्या देशाच्या पर्यटकांना मिळणाऱ्या नकारांचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत असावं लागतं. पोलंड त्या रेषेखाली आला आणि नोव्हेंबर 2019 मध्ये त्याला यादीत जागा मिळाली. आता ही मोजणी कोण करतं? ज्याने नकार द्यायचा तोच. वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना एखाद्या देशाचा संशय आला की नकार वाढतात. नकार वाढले की देश संशयित ठरतो. देश संशयित ठरला की पुढचा अधिकारी अधिक संशयाने बघतो. या चक्रातून पोलंड सुटला तो पोलिश लोकांचा स्वभाव सुधारला म्हणून नाही. वॉर्सात बऱ्या पगाराच्या नोकऱ्या आल्या आणि बर्लिन-डब्लिनची दारं उघडली, तेव्हा शिकागोत लपून राहण्यात काही हशील उरलं नाही.

अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यातलं कलम 214 (बी) तर स्पष्टच सांगतं की व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायला येतो आहे असंच गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्याने पटवून द्यायचं. कोर्टात आरोपीलाही याहून बरी वागणूक मिळते. कागदावर हे कलम सर्वांना सारखं आहे. पण व्हिसामुक्त देशांचा पर्यटक त्या खिडकीपर्यंत येतच नाही, त्यामुळे ते गृहीतक लागू होतं ते उरलेल्या जगाला. ऑगस्ट 2025 पासून तर त्याला रोख किंमतही आली. मलावी आणि झांबिया या दोन देशांपासून सुरुवात करून पर्यटकांकडून 5,000 ते 15,000 डॉलरचा हमीपैसा घ्यायची योजना आली आणि मग यादी वाढत गेली. मलावीत सरासरी माणसाचं वर्षाचं उत्पन्न हजार डॉलरसुद्धा नाही.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणं न ऐकता पुढे जाणं योग्य नाही. कोणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. काही देशांतले लोक मुदत संपल्यावरही अधिक प्रमाणात मागे राहतात, हे आकड्यांत दिसतं. लाखो अर्ज आणि मोजके अधिकारी, प्रत्येकाची मुलाखत तासभर कशी घ्यायची? आणि आपल्याकडचे एजंट खोटी बँक स्टेटमेंट बनवून देतात, हेही काही गुपित नाही. हे सगळं खरं आहे. पण मुदत संपूनही राहणं हा मलावीच्या माणसाचा गुण नाही, मलावीच्या पगाराचा परिणाम आहे. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक असतं. नियम मात्र असा लिहिला जातो की त्याची शिक्षा परत जाणाऱ्यालाच होते. ज्याला लपून राहायचं आहे तो एजंटला दोन-चार लाख मोजून कागद उभे करतो. ज्याची चार काजूची झाडं खरीच आहेत, त्याच्या फाईलवर ‘मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या तुमच्या हेतूबद्दल रास्त शंका आहे’ या छापील ओळीपुढे खूण होते. कोणती शंका, कशावरून, याचा उल्लेख नाही. जर्मनीने तर अशा नकाराविरुद्ध वकिलातीकडेच फेरविचार मागायची जुनी सोय जुलै 2025 पासून बंद केली. आता नव्याने फी भरून अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. आरोंद्याहून.

याला पर्याय नाही असंही नाही. युरोपियन युनियननेच एप्रिल 2024 मध्ये भारतीयांसाठी एक नियम आणला. तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक फेऱ्यांचा, त्यानंतरचा पाच वर्षांचा. म्हणजे माणसाचं स्वतःचं वागणं मोजायचं, त्याच्या देशाचं नाव नाही. मला हवं आहे ते हेच. पहिल्या व्हिसाला तो नियम काही मदत करत नाही, हे त्याचं अपुरेपण आहे. पण दिशा बरोबर आहे. आपल्या परराष्ट्र खात्याने व्यापार कराराच्या टेबलावर अभियंत्यांच्या व्हिसाइतकाच फिरायला जाणाऱ्या शिक्षकाच्या व्हिसाचाही मुद्दा रेटावा. नकार द्यायचा तर त्या माणसाच्या फाईलमधल्या कोणत्या कागदावरून, ते लिहून द्या, एवढं मागणं काही फार नाही.

दारं कुठे उघडी आहेत यावरून स्वप्नंही ठरतात, हे आपण फारसं लक्षात घेत नाही. नव्वदच्या दशकात काश्मीर पेटलं, हिंदी चित्रपटवाले आल्प्सकडे वळले, आणि मराठी मध्यमवर्गाच्या मनात स्वित्झर्लंड जाऊन बसलं. इंटरलाकेनला 2016 साली यश चोप्रांचा पुतळा उभा राहिला. 3,454 मीटर उंचीच्या युंगफ्राउयोखवर वरण-भाताची सोय झाली. ते स्वप्न चाळीतून आलेल्या आणि आता ब्लॉकमध्ये राहणाऱ्या जोडप्याने निवृत्तीच्या पैशांतून पुरं केलं, आणि मला त्यात टिंगल करण्यासारखं काही दिसत नाही. पण पुढच्या पिढीचा हिशेब वेगळा आहे. थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये, मलेशियाने डिसेंबरमध्ये भारतीयांसाठी व्हिसाची अट उठवली, आणि आता नाशिक-कोल्हापूरची पोरं शनिवार-रविवारला जोडून फुकेटला जाऊन येतात.

ती जातात खरी, पण बघून काय येतात? बँकॉकला जाऊन आलो असं ऑफिसात सांगितलं की पुरुषमंडळी जे हसतात, ते हसू आठवून पाहा. कोट्यवधी लोकांचा देश, स्वतःची लिपी, जुनी राजधानी अयोध्येच्या नावाने वसवलेली, रामकथेची स्वतःची परंपरा, आणि आपल्या मराठी ऑफिसात त्याची ओळख म्हणजे एक डोळा मिचकावणं. स्टायरियाच्या त्या तक्त्यात आपण आपला एक रकाना भरला आहे, आणि तोही मसाज पार्लरच्या दारात उभं राहून.

याहून वाईट रकाना आपण आफ्रिकेसाठी भरला आहे. ऑक्टोबर 2013 मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. त्या दिवसांत गोव्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली. बोभाटा झाल्यावर शब्द गिळावे लागले, पण अनेकांच्या मनातलंच तो बोलला होता. आपल्या आजोबांच्या जन्मदाखल्याचा कागद घेऊन लिस्बनच्या कचेरीत रांग लावणाऱ्यांच्या भूमीत हे घडलं, हे विसरू नये. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर आफ्रिकन विद्यार्थी नरभक्षक असल्याची अफवा उठली, आणि जमावाने एका मॉलमध्ये नायजेरियन विद्यार्थ्यांना मारलं. आफ्रिका खंडात 54 देश आहेत. आपल्याला एकच ठाऊक असतो, आणि सुदानच्या, टांझानियाच्या, काँगोच्या पोराला आपण त्याचंच नाव देतो.

आपला सरकारी अर्जही काही धुतल्या तांदळाचा नाही. भारताचा व्हिसा मागणाऱ्या ब्रिटिश किंवा कॅनेडियन नागरिकाला आपण विचारतो: तुमचे आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का? सुरक्षेची कारणं असतील, मी त्यांना हसत नाही. पण बर्मिंगहॅममध्ये जन्मलेल्या दंतवैद्याला त्याच्या आजोबांवरून ओळखणं, आणि किरणपाणीच्या पोराला त्याच्या आजोबांवरून आत घेणं, या दोन्हींत मोजला जातो तो आजोबाच.

देशांची तुलना करायचीच तर ती कशी करावी, याचा नमुना मराठीत सव्वाशेहून अधिक वर्षांपासून पडून आहे. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, आणि 1889 मध्ये त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालं. त्यात राज्यकारभार कसा चालतो, शाळा कशा आहेत, बायकांनी संस्था कशा उभ्या केल्या, काळ्या लोकांना कसं वागवलं जातं, याचा ऊहापोह आहे. अमेरिकेचं कौतुक आहे आणि तिच्या पापांवर बोटही आहे. त्या बाईंना अमेरिकन लोक मुळात उदार असतात असं म्हणून पान भरता आलं असतं. त्यांनी उदारपणा कुठल्या कायद्यातून आणि कुठल्या संघटनेतून येतो ते बघितलं.

आता पुण्यात या. दर वर्षी जून-जुलैत परदेशी विद्यार्थी खोल्या शोधत हिंडतात. सोसायटीच्या सभेत ठराव होतो: परदेशी भाडेकरू नको. कारण विचारलं तर चेअरमन सांगतात, फार कटकट असते, पोलिसांत फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा अर्ज, भरावा लागतो. फॉर्म सी (2025 च्या नियमांत आता फॉर्म III) परदेशी माणूस राहायला आल्यापासून 24 तासांत भरायचा असतो हे खरं, पण तो ऑनलाइन भरता येतो आणि गॅसची जोडणी बदलण्याइतकंही काम त्यात नाही. शिवाय तोच ठराव असलेल्या सोसायटीत जर्मन कंपनीचा इंजिनियर तिसऱ्या मजल्यावर सहकुटुंब राहत असतो. त्याच्या फॉर्म सीची कोणाला कटकट होत नाही, उलट गणपतीत आरतीचा मान त्याला देतात आणि फोटो ग्रुपवर टाकतात. येमेनच्या मुलाचा फोन मात्र ‘घरमालक गावाला गेलेत’ असं सांगून ठेवला जातो.

व्हिसा खिडकीवर आपल्याला जो राग येतो, तो मला मान्य आहे. मी त्यात सहभागी आहे. पण चेअरमनसाहेब, येमेनच्या त्या मुलाचा नोंदणीकृत भाडेकरार होईल, कॉलेजचं पत्र येईल, पासपोर्ट-व्हिसाची प्रत येईल, फॉर्म सी भरला जाईल, आधीच्या घरमालकाचा नंबरही तो देईल. एवढे कागद हातात आल्यावरही नकारच द्यायचा असेल, तर तो त्याच्या देशाच्या नावाला दिलेला नकार आहे, आणि तो लेटरहेडवर कारणासकट, सही-शिक्क्यानिशी द्यावा. वकिलाती निदान छापील ओळीपुढे खूण करून तरी देतात.